केक मुरतो म्हणजे नेमकं काय होतं?

डबा गंजून त्याचा भुगा व्हायला आला होता, केक मात्र शाबूत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये न्यूझीलंडच्या अंटार्क्टिक हेरिटेज ट्रस्टने ही बातमी दिली. अंटार्क्टिकातल्या केप अडारे इथे १८९९ साली बांधलेली एक लाकडी झोपडी आहे. त्या खंडावर माणसानं बांधलेलं पहिलं घर तेच. दक्षिण ध्रुवावर निघालेल्या ब्रिटिश कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतली एक तुकडी १९११ मध्ये तिथे राहिली होती, आणि केक त्यांचाच असावा असं मानतात. हंटली अँड पामर्स या इंग्रज कंपनीचा, कागदात गुंडाळलेला फ्रूटकेक. वय १०६ वर्षं. खवट लोण्याचा अगदी पुसट वास येत होता. बाकी दिसायला आणि वासाला खाण्याजोगा.

ही बातमी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर नाताळात नव्यानं येते. खाली ठरलेली टिप्पणी: ‘बघा, शंभर वर्षं कुजत नाही. मैदा आतड्याला चिकटून बसत असेल तो काय!’ तिच्यावर पंधरावीस अंगठे.

बरणीतला मधही कुजत नाही. गुळाची ढेप वर्षभर टिकते. त्यांच्याबद्दल असा प्रश्न कुणी विचारत नाही. कुजणं ही पदार्थाची करणी नव्हे, जंतूंची. आणि जंतूंना लागतं पाणी. पोटात पाणीही भरपूर असतं आणि पाचकरसही, त्यामुळे डब्यात वर्षभर टिकलेला केक पोटात गेल्यावर दुसऱ्या कुठल्याही केकसारखाच पचतो. आतड्याला चिकटणारा मैदा मला कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडलेला नाही.

मला फ्रूटकेक आवडतो, हे आधीच कबूल करतो. पण ज्यांना तो आवडत नाही त्यांचा विरोध साधासुधा नसतो. अमेरिकेत तर फ्रूटकेकची टिंगल हा नाताळचा एक विधीच झाला आहे. जगात फ्रूटकेक एकच आहे आणि लोक तोच एकमेकांना पाठवत राहतात, असा जॉनी कार्सन या टीव्ही सूत्रसंचालकाचा विनोद तिथे पिढ्यान् पिढ्या चालतो. कोलोरॅडोतल्या मॅनिटू स्प्रिंग्ज गावात १९९६ पासून नाताळनंतर उरलेले केक लांब फेकण्याची स्पर्धा सुरू झाली. डोकं फिरलेल्या माणसालाही इंग्रजीत ‘फ्रूटकेक’ म्हणतात. आपल्याकडे वसई, वांद्रे किंवा गोव्यातून आलेला केक कुणी फेकत नाही, पण टुटीफ्रुटीचे लाल-हिरवे तुकडे बोटानं उकरून बशीच्या कडेला लावणारी मंडळी प्रत्येक घरात असतात. आमच्याकडे ती आमची कन्या.

माझं म्हणणं असं की हा केक ज्या कारणानं टिकतो, बऱ्याचदा त्याच कारणानं तो लोकांना आवडत नाही. ते कारण म्हणजे साखरेनं अडवून धरलेलं पाणी.

हे आपल्या घरात काही नवीन नाही. मुरंब्याचा पाक कच्चा राहिला तर बरणीत बुडबुडे येतात, मुरंबा आंबतो. पाक नीट झाला तर तोच मुरंबा पुढच्या आंब्यापर्यंत चालतो. दोन्ही बरण्यांत पाणी असतंच. फरक असतो तो मोकळ्या पाण्याचा. लग्नघरात माणसं शंभर असतात, पण पटकन दुकानात पाठवायला मोकळा एकही सापडत नाही. तशी पाकातल्या पाण्याची अवस्था. साखरेच्या रेणूंनी त्याला गुंतवून ठेवलेलं असतं. जंतूला ते ओढून घेता येत नाही. उलट, जंतूच्याच पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं.

या मोकळेपणाचं माप आहे. बंद डब्यात पदार्थ ठेवला की वरच्या हवेत पाण्याची थोडी वाफ जमते. शुद्ध पाण्यावर त्याच तापमानाला जेवढा बाष्पदाब, म्हणजे या वाफेचा दाब, असतो, त्याच्या किती पट दाब या पदार्थावर आहे, तो आकडा म्हणजे जलसक्रियता. शुद्ध पाण्याची १, अगदी कोरड्या पदार्थाची शून्याजवळ. ताज्या पावाची साधारण ०.९५, मधाची ०.६ च्या आसपास. विल्यम जेम्स स्कॉट या ऑस्ट्रेलियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं १९५३ मध्ये दाखवलं की स्टॅफिलोकॉकस या जिवाणूची वाढ पदार्थात एकूण पाणी किती यावर नव्हे, तर या आकड्यावर ठरते. (आडनाव योगायोगानं स्कॉटच.) अन्न नासवणाऱ्या बहुतेक जिवाणूंना किमान ०.९१ लागतं. स्टॅफिलोकॉकस चिवट, तो ०.८६ पर्यंत तग धरतो. नेहमीच्या बुरशा ०.८ च्या खाली थांबतात. काही हट्टी बुरशा आणि यीस्ट मात्र ०.६ पर्यंत हळूहळू वाढतात. चांगला फ्रूटकेक ०.७५ ते ०.८३ च्या दरम्यान असतो. म्हणजे जिवाणूंना दार बंद, बुरशीला फट किलकिली. अंटार्क्टिकात ती फट थंडीनं बुजवली. त्या केकचं सगळं श्रेय साखरेला देणंही बरं नाही.

आता जरा बारावीची वही काढू. मुलांना राउल्टचा नियम शिकवताना मी हेच उदाहरण घेतो. द्रावणावरचा बाष्पदाब हा त्यातल्या एकूण रेणूंपैकी पाण्याचे रेणू किती, या प्रमाणात असतो. वजन नाही मोजायचं, रेणू मोजायचे. साखरेच्या संपृक्त पाकात १०० ग्रॅममागे साधारण ६७ ग्रॅम साखर आणि ३३ ग्रॅम पाणी. साखरेचा रेणुभार ३४२, म्हणजे ०.१९६ मोल (मोल हे रेणू मोजायचं एकक, डझनासारखं). पाण्याचा १८, म्हणजे १.८३ मोल. पाण्याचा वाटा १.८३ भागिले २.०३, म्हणजे ०.९०. प्रत्यक्षात मोजलं तर ०.८५ च्या आसपास येतं, कारण साखर नुसती गर्दी करत नाही, आजूबाजूचे पाण्याचे रेणू धरूनही ठेवते. आता साखरेच्या जागी तेवढ्याच वजनाची मनुकांमधली साखर घ्या. ती ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. दोन्हींचा रेणुभार १८०. तेवढ्याच वजनात रेणू जवळजवळ दुप्पट! तोच हिशेब केला की आकडा ०.८३ वर उतरतो, आणि प्रत्यक्षात त्याच्याही खाली. म्हणून तासगावचे बेदाणे हे केकमधलं नुसतं सजावटीचं सामान नाही. पाणी अडवण्यात ते साखरेच्या वरचढ आहेत.

ज्यांनी हा परिच्छेद सोडला त्यांनी इथून पुढे वाचलं तरी चालेल.

गंमत पुढेच आहे. पाणी जास्त पाण्याकडून कमी पाण्याकडे जातं, असं आपण धरून चालतो. ते खरं नाही. पाणी जास्त सक्रियतेकडून कमी सक्रियतेकडे जातं. कोरड्या मनुकेत वजनाच्या पंधरा-अठरा टक्के पाणी असतं, पण सक्रियता ०.६ च्या आत. भोवतालच्या केकच्या गराची सक्रियता ०.८ च्या पुढे. मग केक भाजून निघाल्यापासून प्रत्येक मनुका आजूबाजूच्या गरातून पाणी शोषत बसते. पंधरा दिवसांनी मनुका गुबगुबीत आणि केक कोरडा ठाक, भुसा खाल्ल्यासारखा. ‘फ्रूटकेक म्हणजे वीट’ असं म्हणणाऱ्यांपैकी अनेकांच्या वाट्याला हाच केक आलेला असतो.

घरी करून बघा. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात वाटीभर कोरड्या मनुका आणि शेजारी पावाची अर्धी स्लाइस ठेवा, एकमेकांना न लावता. मी शाळेच्या सुटीत केलं होतं. तिसऱ्या दिवशी स्लाइस वाजवली तर टकटक आवाज आला आणि मनुका बोटाला चिकटायला लागल्या. मधे फक्त हवा होती.

आता वसईच्या मावशी गणपती झाले की सुकामेवा रममध्ये का भिजत घालतात, ते लक्षात येईल. काचेची मोठी बरणी, आत मनुका, खजूर, अंजीर, संत्र्याची साल. वर बोटभर रम. आठवड्यातून एकदा बरणी उलटी करून ठेवायची. भिजलेल्या फळाची तहान आधीच भागलेली असते. ते केकमधलं पाणी ओढत नाही. उलट दोन-तीन आठवड्यांत थोडं परत देतं. लवंग-दालचिनीचे तेलकट, सुवासिक रेणू लोण्यातून हळूहळू सगळीकडे पसरतात. भाजल्या दिवशी सुरी लावली तर ढासळणारा केक महिन्यानं कापला की वडीसारखा सरळ सुटतो. मावशी याला ‘मुरू दे गो’ म्हणतात. मुरंब्यासाठी आणि केकसाठी शब्द एकच, आणि रसायनशास्त्रही एकच. (पंचतारांकित हॉटेलांत नोव्हेंबरात हातमोजे घालून, कॅमेऱ्यासमोर जो ‘केक मिक्सिंग’चा सोहळा होतो तो याचाच फोटोजनिक अवतार. फळं भिजवायला पाहुण्यांची गरज नसते.)

रम केक टिकवते का? थोडी. किलोभर केकवर ६० मिली रम शिंपडली तर त्यात अल्कोहोल साधारण २० ग्रॅम, म्हणजे केकच्या दोन टक्के. क्षुल्लक वाटतं. पण केकमधलं पाणीच मुळात दोनशे ग्रॅम; त्याच्या मानानं बघितलं तर ते दहा टक्क्यांच्या घरात जातं. शिवाय डबा बंद असला की अल्कोहोलची वाफ आत कोंडून राहते आणि बुरशी जिथून सुरू होते त्या पृष्ठभागावर पहारा करते. जपानमध्ये बेकरीच्या पाकिटांत अल्कोहोलची वाफ सोडणाऱ्या पुड्या याच कामासाठी घालतात. तरी मुख्य काम साखरेचं. न पिणाऱ्यांनी जाड पाकातल्या फळांचा केक केला तरी तो टिकतो.

आता कन्येच्या बशीच्या कडेला लागलेले तुकडे. परदेशातली ग्लेस चेरी, म्हणजे पाकात मुरवलेली चेरी, करायची पद्धत अशी: चेरी आधी गंधकाच्या डायऑक्साइडच्या आणि कॅल्शियमच्या क्षारांच्या पाण्यात बुडवतात. गंधक तिचा रंग घालवतो, आणि बरीचशी चवही. कॅल्शियम फळातल्या पेक्टिनच्या (पेशींना जोडून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याच्या) साखळ्यांना एकमेकींशी टाचतो, त्यामुळे गर घट्ट होतो. मग पायरीपायरीनं घट्ट पाक मुरवत नेतात आणि शेवटी लाल रंग. पेठ्यासाठी कोहळा चुन्याच्या निवळीत भिजवतात तेही याच कॅल्शियमसाठी. आपल्या बेकरीतली ‘चेरी’ बहुतेक वेळा करवंद असते आणि टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई. म्हणजे टिकण्यासाठी फळाचं सगळं फळपण काढून घ्यायचं, आणि मग जीभ विचारते, हे काय आहे? डोळ्यांना लाल चेरी दिसते, दाताखाली रबर येतं, नाकाला काहीच मिळत नाही. अशा फसवणुकीवर मेंदू चिडतो. अमेरिकेत टपालानं घरोघर जाणाऱ्या केकमध्ये हेच तुकडे ठासून भरलेले असतात, तेव्हा त्यांची चिडचिड मला समजू शकते. टुटीफ्रुटीची बाजू मीही घेणार नाही.

वासाचं प्रकरण आणखी वेगळं. लवंगेतलं युजेनॉल दातांच्या दवाखान्यातही वापरतात. फ्रेंच संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, दंतवैद्याची धास्ती असलेल्यांना युजेनॉलचा वास अप्रिय वाटला आणि त्यांच्या शरीरानंही भीतीची चिन्हं दाखवली. बाकीच्यांना तोच वास छान वाटला. मसाल्याच्या डब्यात लवंग रोज भेटणाऱ्या आपल्याला हे विचित्र वाटेल. पण वर्षातून एकदाच, केकमध्येच लवंग भेटणाऱ्याचं नाक सरळ दाढ काढायच्या खुर्चीपर्यंत पोचत असेल तर त्याला दोष कसा द्यायचा? सवयीनं आवड वाढते हे रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये मांडलं होतं. वर्षाकाठी एका फोडीनं सवय कसली लागणार!

म्हणून हा केक जिथे गेला तिथल्या बरणीतलं काही ना काही त्यात पडलं. केरळातल्या थलश्शेरीत १८८३ च्या नाताळात मांबल्ली बापू या बेकरीवाल्यानं एका इंग्रज मळेवाल्याच्या सांगण्यावरून प्लम केक केला, आणि त्यात स्थानिक फळांची दारू वापरली, असं सांगतात. अलाहाबादी केकात पेठा, तूप आणि मार्मालेड. खुद्द इंग्रजांच्या प्लम केकात प्लम नसतो. जुन्या इंग्रजीत मनुकेलाच प्लम म्हणत. याच इंग्लंडात लग्नाच्या केकचा तुकडा उशीखाली ठेवून झोपलं की भावी नवरा स्वप्नात येतो, असं मुली मानायच्या. नवऱ्याचं माहीत नाही, मुंग्या नक्की येत असणार.

तर तुमच्याकडे आलेला केक कोरडा निघाला तर फेकू नका. विणकामाच्या सुईनं वरून दहा-बारा भोकं पाडा, दोन चमचे रम किंवा ब्रँडी सोडा, लोणी लावलेल्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा आणि आठवडाभर विसरा. संत्र्याचा रस घातलात तर मात्र विसरू नका, चार दिवसांत संपवा. ते पाणी मोकळं असतं.