वाढ कमी आहे, म्हणजे नेमकं काय?

आठव्या-नवव्या महिन्यातली सोनोग्राफी संध्याकाळी होते, डॉक्टरांची भेट दुसऱ्या दिवशी असते आणि मधली सगळी रात्र रिपोर्ट पुन्हा पुन्हा उलगडण्यात जाते. त्यावर असं काहीतरी लिहिलेलं असतं: तारखेनुसार ३४ आठवडे, सोनोग्राफीनुसार ३२ आठवडे, अंदाजे वजन १९०० ग्रॅम, पोटाचा घेर दहाव्या पर्सेंटाईलच्या खाली. वाचणारीच्या मनात एकच वाक्य उरतं, 'माझं बाळ दोन आठवडे मागे आहे.'

त्या ३२ आठवड्यांचा अर्थ वेगळा आहे. या मापाची बाळं सरासरी किती आठवड्यांची असतात, एवढंच मशीन सांगतं. बाळाचं खरं वय पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून ठरतं. तेव्हा सगळी बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात, त्यामुळे चूक झाली तरी आठवड्याच्या आतबाहेरची. शेवटच्या तीन महिन्यांत हाच अंदाज तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकतो. म्हणून नवव्या महिन्यातल्या मापांवरून प्रसूतीची तारीख बदलत नाहीत.

वजनाचंही तसंच. पोटातलं बाळ काट्यावर ठेवता येत नाही. डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी सूत्रात घातली, की ग्रॅमचा आकडा निघतो. यातलं सगळ्यात अवघड माप पोटाचं. जठराचा काळा ठिपका आणि यकृतात वळणारी शीर एकाच चित्रात दिसेल असा बरोबर आडवा छेद पकडावा लागतो. बांबू तिरका कापला की चकती गोल न येता लांबट येते, तसा छेद जरा कलला की घेर बदलतो. बाळ अंग मुडपून बसलेलं, बरगड्यांच्या सावल्या पडलेल्या, डोकं खाली रुतलेलं, अशात अनुभवी हातालाही माप घ्यायला झगडावं लागतं. म्हणून वजनाच्या अंदाजात दहा ते पंधरा टक्के फरक धरूनच चालतात. १९०० ग्रॅम म्हणजे साधारण १६०० ते २२०० च्या मधलं कुठलंही वजन.

दहावा पर्सेंटाईल ऐकून परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटतं. पण शंभर निरोगी बाळं वजनाप्रमाणे रांगेत उभी केली, तरी दहा जणं या रेषेखाली असणारच. आईवडील लहान चणीचे असतील तर बाळही तसंच असू शकतं. खरा प्रश्न असा, की हे बाळ मुळातच लहान आहे की त्याला वारेतून (प्लॅसेंटातून) पुरवठा कमी पडतोय?

इथे पोटाच्या घेराला महत्त्व येतं. बाळाच्या पोटातली बरीचशी जागा यकृताने व्यापलेली असते आणि यकृत हे साखरेचं कोठार. वारेतून कमी मिळू लागलं, की बाळ आधी हे कोठार वापरतं आणि मेंदूकडे रक्त वळवतं. डोकं वाढत राहतं, पोट मागे पडतं. एवढंसं बाळ इतका शहाणा हिशोब करतं, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

पुरवठ्याचा अंदाज डॉपलर तपासणीतून येतो. नाळेतल्या रक्ताच्या लाटा पडद्यावर दिसतात, प्रत्येक ठोक्याला एक शिखर. वार निरोगी असेल तर दोन शिखरांच्या मधल्या दरीतही रक्त पुढे वाहत राहतं. वारेतल्या रक्तवाहिन्यांचा विरोध वाढला, की दरी खोल होते. ती तळाला टेकली तर रिपोर्टमध्ये 'ॲबसेंट', उलटी झाली तर 'रिव्हर्स्ड' हा शब्द येतो. असा शब्द दिसला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता लगेच फोन करावा. शेवटच्या आठवड्यांत मात्र नाळेचा डॉपलर चांगला असूनही वार थकलेली असू शकते. म्हणून मेंदूच्या रक्तवाहिनीचाही प्रवाह बघतात.

'चार दिवसांनी पुन्हा वजन बघू' हा हट्ट बहुतेक घरांत होतो. या काळात बाळ आठवड्याला साधारण २०० ग्रॅम वाढतं आणि मापाची चूकही तेवढीच असते. चार दिवसांतली वाढ त्या चुकीत हरवून जाते. म्हणून वाढीची मापं किमान दोन आठवड्यांच्या अंतराने घेतात. डॉपलर आणि गर्भजल मात्र गरज पडली तर काही दिवसांतच पुन्हा तपासतात. डॉक्टरांकडे जाताना जुने रिपोर्ट बरोबर न्या. बाळ सुरुवातीपासून त्याच रेषेवर चाललंय की रेषा सोडून घसरलंय, हे त्यातूनच कळतं.

गर्भजल मोजताना गर्भाशयाचे चार भाग धरून प्रत्येकातल्या पाण्याची खोली घेतात; त्यांची बेरीज ५ ते २५ सेंटिमीटर असेल तर ठीक मानतात. मानेभोवती नाळेचा वेढा पुष्कळ बाळांना असतो आणि बहुतेकांना त्याने काही होत नाही.

'मी नीट खाल्लं नाही, म्हणून असं झालं' हे मनातून काढून टाका. वारेतला बिघाड बहुतेकदा गर्भारपणाच्या सुरुवातीलाच, तिच्या रक्तवाहिन्या रुजताना झालेला असतो. जास्त खाऊन किंवा दिवसभर पडून राहून तो भरून निघत नाही. धूम्रपान सोडल्याने मात्र खरोखर फायदा होतो.

आणि सोनोग्राफी कितीही चांगली आली असली, तरी बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, पाणी जाऊ लागलं, रक्तस्राव झाला किंवा डोकं जोरात दुखून डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याच वेळी रुग्णालयात जायचं.