सिलिअ‍ॅक आणि वजनदार मुलं: शंभर वर्षं डोळ्यांआड राहिलेला आजार

नऊ वर्षांचं मूल. वजन वयाच्या मानानं बरंच जास्त, हिमोग्लोबिन मात्र आठ. लोहाच्या औषधाच्या बाटल्यांमागून बाटल्या संपतात, पण आकडा जागचा हलत नाही. पोट मधूनमधून दुखतं, शौचाला आठवडाभर खडा होतो आणि मग दोन दिवस पातळ. आई-बाबा दवाखान्यात गेले की बहुतेक वेळा ‘वजन उतरवा, बाहेरचं खाणं बंद करा’ एवढंच सांगितलं जातं. सिलिअ‍ॅकचं नाव सहसा निघत नाही, कारण डॉक्टरांच्याही मनातलं सिलिअ‍ॅकचं मूल काडीसारख्या हातापायांचं आणि पुढे आलेल्या पोटाचं असतं. हे चित्र आलं कुठून आणि इतकी वर्षं टिकलं कसं, हे समजून घ्यायचं तर बरंच मागं जावं लागतं.

आजार थोडक्यात असा. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन हे प्रथिन असतं. काही माणसांच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा ग्लुटेन पोटात गेलं की स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नरस शोषण्याचं काम त्यांचं. ते झडून आतडं सपाट होत जातं.

इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत कॅपाडोशियाच्या अरेटियस या ग्रीक वैद्यानं अन्न न पचता बाहेर पडण्याच्या एका जुनाट विकाराचं वर्णन केलं होतं. ‘सिलिअ‍ॅक’ हा शब्द पोटासाठीच्या ग्रीक शब्दावरून आला. पण मुलांच्या आजाराचं आजचं चित्र रेखाटलं ते लंडनच्या सॅम्युएल जी यांनी. ५ ऑक्टोबर १८८७ रोजी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या रुग्णालयात त्यांनी व्याख्यान दिलं आणि ते पुढच्या वर्षी छापून आलं. एक ते पाच वर्षांची मुलं, फिकट, फेसाळ, दुर्गंधी आणि भरपूर शौच, झिजत जाणारं अंग. हे मूल बरं व्हायचंच असेल तर ते आहारानंच, असंही त्यांनी ठामपणे लिहिलं.

जी यांच्या या लेखातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. झीज चेहऱ्यापेक्षा हातापायांत जास्त होते, चेहरा तर पुष्कळदा मृत्यू जवळ येईपर्यंत भरलेलाच राहतो, असं त्यांनी नोंदवलं आहे. हातापायांचा बारीकपणासुद्धा सुरुवातीला डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळतो, मांस मऊ आणि सैल लागतं. म्हणजे ज्या माणसानं ‘झिजलेलं मूल’ हे चित्र काढलं, त्यानंच गुबगुबीत गालांवर जाऊ नका हेही सांगून ठेवलं होतं. पुढच्या पिढ्यांनी झीज तेवढी उचलली.

त्याच लेखात एका मुलाची हकिगत आहे. त्याला रोज लिटरभराहून थोडे जास्त उत्तम डच शिंपले खायला दिले जात होते. आपल्याकडचे शिनाणे त्याच कुळातले. मूल छान बाळसं धरू लागलं, पण शिंपल्यांचा हंगाम संपला आणि ते पुन्हा खालावलं. पुढच्या हंगामात त्यानं शिंपल्यांना तोंडच लावलं नाही. ताटातून पीठ गेलं आणि त्या जागी शिंपले आले, हे आज आपल्याला चटकन दिसतं. तेव्हा ते कोणालाच दिसलं नाही.

१९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिश्चन हर्टर यांनी वाढ खुंटलेल्या अशाच मुलांवर लिहिलं आणि आजाराला ‘जी-हर्टर’ हे जोडनाव मिळालं. १९२४ मध्ये सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार आणला. मुलं सुधारली, त्यामुळे केळ्याला औषधाचा मान मिळाला. खरं काम गहू बंद होण्यानं केलं होतं. पण मूल ‘बरं झालं’ असं समजून कितीतरी घरांत पुन्हा पाव सुरू झाला.

गव्हावर बोट ठेवलं ते हेगच्या ज्युलियाना बालरुग्णालयातल्या विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञानं. त्यांचा संशय युद्धाच्या आधीपासूनचा होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, लोकांनी ट्युलिपचे कंदसुद्धा शिजवून खाल्ले. पाव मिळेनासा झाला आणि बाकीची मुलं वाळत असताना सिलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा बिघडली. १९५० मध्ये उट्रेख्ट विद्यापीठात डिके यांनी आपला प्रबंध सादर केला. एकेका मुलाचा वर्षानुवर्षांचा वजनाचा आलेख, गहू दिला की खाली वळणारी रेघ आणि काढला की वर जाणारी, हा त्यांचा भक्कम पुरावा होता. व्हान डे कामर यांनी शौचातली चरबी मोजण्याची पद्धत बसवली होती, तिनंही डिके यांच्याच बाजूनं कौल दिला. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या गटानं गव्हातला दोषी घटक ग्लुटेन असल्याचं दाखवलं.

डिके यांचे उपकार मोजता येणार नाहीत, किती मुलं त्यांच्यामुळे जगली. पण आजाराची साक्ष वजनकाट्याची आणि बरं झाल्याची साक्षही वजनकाट्याचीच, हे समीकरणही याच काळात घट्ट झालं. काटा ज्याच्या बाजूनं बोलत होता, त्या मुलाची चौकशी करायला मग कारणच उरलं नाही.

पुढची प्रगती आतड्यात डोकावण्याची. १९५४ मध्ये पॉली यांनी शस्त्रक्रियेत मिळालेल्या आतड्याच्या तुकड्यांत ते झडलेले उंचवटे दाखवले. १९५६ मध्ये मार्गोट शायनर यांनी तोंडावाटे नळी घालून तुकडा काढला आणि १९५७ मध्ये क्रॉस्बी कॅप्सूल आली. बारीक नळीच्या टोकाला धातूची कुपी, ती मुलानं गिळायची, एक्स-रेखाली जागेवर आल्याची खात्री करायची, बाहेरून हवा ओढली की आतलं पातं फिरून चिमूटभर अस्तर कापलं जायचं. १९६९ मध्ये युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांत असा तुकडा तीन वेगवेगळ्या वेळी काढून तपासायचा होता. लहान मुलाला इतका त्रास कोण उगाच देईल? दिला जायचा तो झिजलेल्या मुलालाच. ज्याची तपासणी होते त्याच्यातच आजार सापडतो, आणि ज्याच्यात सापडतो तेच पाठ्यपुस्तकातलं चित्र होतं.

हे चक्र रक्ततपासणीनं तोडलं. १९८३ मध्ये एंडोमायसियल प्रतिपिंडांची, म्हणजे या आजारात रक्तात सापडणाऱ्या एका खुणेची, चाचणी आली आणि १९९७ मध्ये बर्लिनच्या गटानं प्रतिकारयंत्रणेचं नेमकं लक्ष्य शोधलं, टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे शरीरातलंच एक विकर (एन्झाइम). आज ‘टीटीजी’ म्हणून जी चाचणी लिहून देतात ती हीच. दरम्यान १९९४ मध्ये इटलीत कातासी आणि सहकाऱ्यांनी शाळेत जाणाऱ्या, वरवर धडधाकट मुलांचं रक्त तपासलं आणि बऱ्याच मुलांत कुणालाच माहीत नसलेला सिलिअ‍ॅक निघाला. हिमनगाचं टोक हा शब्द या आजाराला याच सुमाराला चिकटला. मधुमेह असलेली मुलं, रुग्णांची भावंडं यांच्या चाचण्या होऊ लागल्या. ज्यांच्याकडे बघून कधीच शंका आली नसती अशी मुलं आता समोर येऊ लागली.

२००६ मध्ये उत्तर आयर्लंडच्या डिकी आणि कर्नी यांनी ३७१ प्रौढ रुग्णांचा हिशोब मांडला. निदानाच्या वेळी त्यांतले ३९ टक्के जास्त वजनाचे होते, कमी वजनाचे फक्त ५ टक्के. मुलांबद्दल २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून रायली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. १४२ मुलांत सुमारे १९ टक्के मुलांचं वजन निदानाच्या वेळीच जास्त होतं. ग्लुटेन सोडल्यावर त्यांतल्या तीन चतुर्थांश मुलांचा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा आकडा) वयाच्या मानानं खाली आला.

शोषण बिघडलंय आणि तरी वजन जास्त, हे कसं? नुकसान मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीच्या भागात होतं. खालचा भाग शाबूत असेल तर तो कॅलरी उचलून घेतो. लोह मात्र सुरुवातीच्या भागातच शोषलं जातं, ती उणीव खालून सहसा भरून निघत नाही. म्हणून अंग भरलेलं आणि रक्त कमी, अशी जोडी दिसते.

आपल्या देशात १९६६ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये उत्तर भारतातल्या सिलिअ‍ॅक मुलांवर लेख आला होता. तरीही हा गोऱ्यांचा आजार, असा समज पुढे कितीतरी वर्षं राहिला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रामकृष्ण आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत २३ हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली. उत्तरेत प्रमाण हजारी साडेआठ, दक्षिणेत हजारी ०.११. अनुवांशिक प्रवणता दोन्हीकडे साधारण सारखीच, फरक ताटातल्या गव्हाचा होता. उत्तरेत रोज सरासरी ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५ ग्रॅम. ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या आपल्या कितीतरी घरांत आता सकाळी बिस्किट, डब्यात पोळी, संध्याकाळी पाव आणि मधल्या वेळी नूडल्स असतात. त्या घरांतल्या आईवडिलांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी हे आकडे लक्षात ठेवावेत असं मला मनापासून वाटतं.

प्रत्येक जाड मुलाची टीटीजी करा असं कुणी म्हणत नाही. न हटणारा अ‍ॅनिमिया, थांबलेली उंची, घरात कुणाला सिलिअ‍ॅक किंवा टाइप वन मधुमेह, यांपैकी काही असेल तर वजन बघून चाचणी टाळू नये, इतकंच. आणि चाचणीआधी गहू बंद करू नये. बंद केल्यावर प्रतिपिंडं उतरतात आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो.

निदानानंतरही काट्याकडे लक्ष लागतंच. कोलंबियाच्याच अभ्यासात निदानाच्या वेळी वजन नेमकं असलेल्या मुलांपैकी १३ टक्के मुलं पुढे जास्त वजनाची झाली. आतडं भरून येतं, शोषण सुधारतं, आणि ‘ग्लुटेन फ्री’ लिहिलेली बरीच बिस्किटं नि केक स्टार्च, साखर आणि तुपातेलाचे असतात. आपल्याकडे त्या पाकिटांची तितकी गरज पडत नाही, ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदळाची भाकरी आणि घावन घरचेच आहेत. फक्त पीठ वेगळ्या जात्यावर किंवा स्वच्छ केलेल्या गिरणीत दळायला हवं, गव्हाच्या मागोमाग नको. आणि फोडणीच्या डब्यातली हिंगाची डबी उलटून वाचायला हवी. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं.