व्हेरिगेटेड मनी प्लांट: नावांचा गुंता आणि उजेडाचा प्रश्न

घरात वाढवलेल्या व्हेरिगेटेड, म्हणजे हिरव्या पानांवर फिकट चट्टे असलेल्या, मनी प्लांटबद्दल दोन तक्रारी सतत ऐकू येतात. पानांवरचा पिवळा-पांढरा रंग उतरत चालला आहे, आणि प्रत्येक नवे पान आधीच्यापेक्षा लहान निघते आहे. यावर मिळणारे सल्ले मात्र एकमेकांना छेद देतात. कुणी वेल खिडकीशी न्यायला सांगतो, तर कुणी म्हणतो की हे सावलीचे रोप आहे, कोपऱ्यातच ठेवा. दोघेही प्रामाणिकपणेच सांगत असतात. गोंधळ सल्ला देणाऱ्यांचा नाही; या वेलीला दिलेली नावे आणि तिच्यावर चिकटवलेली लेबले जशी बदलत गेली, त्यातून तो आला आहे. त्यातला बराचसा भाग 1960 नंतरचा आहे.

त्याआधीचे थोडक्यात. 1830 च्या दशकात काचबंद पेट्यांतून जिवंत रोपे समुद्रापार नेणे शक्य झाले आणि उष्ण कटिबंधातल्या वेली युरोपातल्या काचघरांत पोहोचल्या. ही वेल 1880 मध्ये बेल्जियममधल्या एका बागकाम नियतकालिकातून वनस्पतिशास्त्राच्या नोंदीत आली. तेव्हा तिला ‘पोथॉस ऑरियस’ म्हटले गेले. ऑरियस म्हणजे सोनेरी. बराच काळ ती सॉलोमन बेटांची समजली जात होती. आज तिचे मूळ स्थान म्हणून पॅसिफिक महासागरातल्या सोसायटी बेटांपैकी मोओरेआ हे बेट धरले जाते. म्हणजे आज जगभरच्या घरांत आणि कचेऱ्यांत असलेली ही वेल मुळात एका छोट्याशा बेटावरची आहे.

नावांचा गुंता इथून सुरू होतो. अळूच्या कुलातल्या वेलींची प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) फुलांवरून आणि त्यातल्या बीजांडांवरून, म्हणजे ज्यांच्या पुढे बिया होतात त्या भागांवरून, ठरते. पानांवरून ती ठरवता येत नाही, कारण या कुलातल्या कितीतरी वेली लहानपणी एकमेकींसारख्याच दिसतात. आणि या वेलीला तर फूलच येत नव्हते. त्यामुळे पहिले नाव पाने पाहून दिले गेले आणि 1908 मधले दुसरे, ‘सिंडॅप्सस ऑरियस’ हेही फुलांचा आधार नसतानाच. पुढची पन्नासहून अधिक वर्षे पुस्तकांतून, रोपवाटिकांच्या याद्यांतून आणि निगेच्या पत्रकांतून हेच दुसरे नाव चालत राहिले. त्यातही बाजार अडकला तो पहिल्याच नावात. इंग्रजीत आजही या वेलीला पोथॉसच म्हणतात, जरी पोथॉस ही प्रजाती वेगळी आहे आणि हिचा तिच्याशी दूरचाच संबंध आहे.

1962 मध्ये लागवडीतल्या एका वेलीला फूल आले आणि प्रथमच नीट तपासणी झाली. सिंडॅप्ससमध्ये बीजांडकोशाच्या कप्प्यात एकच बीजांड असते. इथे ती एकाहून जास्त निघाली, म्हणून 1963 मध्ये वेलीला ‘ऱ्हॅफिडोफोरा’ या प्रजातीत हलवले गेले. पण ऱ्हॅफिडोफोरामध्ये बीजांडे पुष्कळ आणि बारीक असतात, इथे ती मोजकी आणि मोठी होती. वर्षभरातच, 1964 मध्ये, ती ‘एपिप्रेम्नम’ या चौथ्या प्रजातीत गेली. 1978 मध्ये आणखी एक निर्णय झाला, आणि सगळ्यात जास्त वाद त्याच्यावरच आहे. ही स्वतंत्र जाती नव्हेच, दूरवर पसरलेल्या ‘एपिप्रेम्नम पिनॅटम’चा हा एक लागवडीतला वाण आहे, असे ठरवून तिला ‘पिनॅटम ऑरियम’ केले गेले.

या निर्णयाला आधार होता. मोठ्या झालेल्या वेलीची पाने पिनॅटमसारखीच कडेने फाटतात आणि फुलांची रचनाही खूप जवळची आहे. विरोधातली बाजूही भक्कम होती. लहान वयातली दोन्ही रोपे ओळखू येण्याइतकी वेगळी असतात, आणि पिवळ्या चट्ट्यांची ही वेल निसर्गात पिनॅटमबरोबर मिसळून सापडत नाही. पुढे ती पुन्हा स्वतंत्र जाती मानली गेली आणि ‘एपिप्रेम्नम ऑरियम’ हे नाव टिकले. 1978 चा निर्णय घाईचा होता असे मला वाटते. त्याचा फटका अभ्यासकांपेक्षा रोपे वाढवणाऱ्यांना जास्त बसला. कित्येक वर्षे एकाच वेलीची निगा पाच नावांखाली वेगवेगळी लिहिली गेली आणि वेगवेगळ्या वेलींची निगा एकाच नावाखाली एकत्र झाली.

हे नुकसान नेमके काय, ते एका उदाहरणातून कळते. खरा सिंडॅप्सस घराघरांत आहे: मखमली, गडद पानांवर रुपेरी ठिपके असलेला ‘सिंडॅप्सस पिक्टस’. बाजारात त्यालाही सॅटिन पोथॉस म्हणतात. त्याचा रुपेरी रंग पानाच्या वरच्या थराखाली हवेच्या पोकळ्या असल्याने दिसतो. तिथे प्रकाश परावर्तित होतो, पण त्याखाली हरितद्रव्य असतेच. व्हेरिगेटेड मनी प्लांटच्या फिकट भागात मात्र हरितद्रव्य फार थोडे असते. तो भाग स्वतःपुरतेही अन्न बनवू शकत नाही, शेजारच्या हिरव्या भागावर जगतो. म्हणून पहिल्याचा ठिपका मध्यम उजेडातही टिकतो, तर दुसऱ्याला उजेड कमी पडला की हिरव्या पेशी जास्त असलेली फूट पुढे जाते आणि वेल हळूहळू हिरवी होते. दोघांना ‘व्हेरिगेटेड पोथॉस’ म्हणून एकच पत्रक दिले की त्यातले एकाला लागू पडते आणि दुसऱ्याला नाही. जुन्या पुस्तकात ‘सिंडॅप्सस’ या नावाखाली निगा वाचताना ती नेमकी कोणत्या वेलीची आहे हे आधी पाहावे लागते, ते यामुळेच.

पाने लहान होण्याचा प्रश्नही याच नावांखाली दडला. आपण कुंडीत वाढवतो ती या वेलीची बालावस्था असते. जंगलात ती झाडाच्या खोडाला हवाई मुळांनी घट्ट धरून 20 मीटरपर्यंत चढते आणि वर गेल्यावर तिची पाने मीटरभर लांब होऊ शकतात. त्यांना कडेने फाटी पडतात आणि ती पाहणाऱ्याला हा मनी प्लांट आहे यावर विश्वास बसत नाही. वेल लोंबकळत ठेवली की उलटे होते: कांडी लांब होतात आणि पाने लहान. टांगत्या कुंडीची पद्धत रूढ झाली तेव्हा हे लहान पानच तिचे खरे रूप मानले गेले. अलीकडे मॉसचे, म्हणजे शेवाळ लावलेले आधाराचे, खांब पुन्हा वापरात आले आहेत, ही मला अतिशय समाधानाची गोष्ट वाटते. मात्र खांब ओलसर ठेवला आणि मुळे त्यात शिरली तरच पान मोठे होते. कोरड्या खांबाला दोऱ्याने बांधलेल्या वेलीला केवळ टेकू मिळतो.

आता उजेड. ‘कमी उजेडाचे रोप’ हे लेबल जंगलातून आलेले नाही, ते इमारतींतून आले. 1970 च्या दशकात मोठ्या कचेऱ्या आणि व्यापारी इमारतींत शोभेची रोपे ठेवण्याचा धंदा झपाट्याने वाढला. भर उन्हात वाढवलेली रोपे आत नेली की पाने गाळायची. म्हणून विकण्याआधी काही आठवडे त्यांना सावलीत, कमी खतावर सरावून घेण्याच्या पद्धती याच दशकात बसवल्या गेल्या. कोणते रोप किती कमी उजेडात तग धरते, याच्या याद्या त्यातून तयार झाल्या आणि मनी प्लांट त्यांत वरच्या बाजूला होता. या याद्यांचा हेतू साधा होता: बदलून टाकेपर्यंत रोप हिरवे आणि उभे राहावे. तिथे वाढ झाली पाहिजे किंवा रंग टिकला पाहिजे अशी अपेक्षाच नव्हती. पुढे त्याच याद्या घरगुती पुस्तकांत उतरल्या आणि ‘तग धरते’चे ‘आवडते’ झाले. व्हेरिगेटेड वाणांवर याचा सगळ्यात मोठा अन्याय झाला, कारण त्यांच्या पानांत अन्न बनवणारा भागच कमी असतो. त्यांना खिडकीजवळचा भरपूर, पण थेट कडक ऊन नसलेला उजेड लागतो. कडक उन्हात फिकट भाग आधी करपतो. आणि कोपऱ्यातली वेल पाणी सावकाश शोषते, म्हणून उजेडातल्या वेलीच्या वेळापत्रकाने पाणी घातले की तिची मुळे कुजतात. पाणी जास्त झाले म्हणून जे दुखणे सांगितले जाते, ते पुष्कळदा उजेड कमी पडल्याचे असते.

त्याच काळातल्या आणखी एका दाव्याने लेबल पक्के केले. 1973 च्या तेल संकटानंतर इंधन वाचवण्यासाठी इमारती अधिक हवाबंद होऊ लागल्या आणि आतल्या हवेच्या तक्रारी सुरू झाल्या. 1989 मध्ये एका अमेरिकी अंतराळ संस्थेच्या अहवालात बंद पेटीत ठेवलेली काही रोपे हवेतली बेंझिनसारखी रसायने कमी करतात असे दिसले. मनी प्लांट त्या रोपांत होता. निष्कर्ष बंद पेटीपुरता खरा होता. घराच्या खोलीत हवा सतत आत-बाहेर जात असते, हे लोकप्रिय लेखांतून गळून पडले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याने हिशोब मांडला: नेहमीच्या हवा-बदलाइतका परिणाम मिळवायला दर चौरस मीटरमागे 10 ते 1000 रोपे लागतील. त्याआधी 2018 मध्ये सशाचे एक जनुक घालून क्लोरोफॉर्म आणि बेंझिन मोडू शकणारी मनी प्लांटची वेल प्रयोगशाळेत तयार झाली, ती याच मर्यादेवर उपाय म्हणून. पण हवा शुद्ध करण्यासाठी वेल झोपायच्या खोलीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवण्याची सवय तोवर रुजली होती.

फूल का येत नाही याचे उत्तर 2016 मध्ये मिळाले. जिबरेलिन हे संप्रेरक तयार करण्यातले एक महत्त्वाचे जनुक या वेलीत नीट चालत नाही, म्हणून फुलण्याचा संदेशच पोहोचत नाही. बाहेरून जिबरेलिन फवारल्यावर वेलीला फुले आली. आपोआप फूल आल्याची त्याआधीची शेवटची ज्ञात नोंद 1964 मधली आहे. फूल नाही म्हणजे बी नाही, आणि बी नाही म्हणजे संकरही नाही. त्यामुळे मार्बल क्वीनपासून पुढचे बहुतेक रंगीत वाण एखाद्या वेलीवर अचानक वेगळी निघालेली फांदी निवडून, तिची कलमे वाढवून तयार झाले आहेत. एन्जॉय हा वाण भारतात मार्बल क्वीनच्या अशाच फांदीतून निवडला गेला. पर्ल्स अँड जेड या वाणासाठी मात्र मार्बल क्वीनवर किरणोत्साराचा वापर करावा लागला.

हा रंग कितपत स्थिर असतो, याचा अंदाज टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत छोट्या तुकड्यांपासून रोपे वाढवण्याच्या, प्रयोगांतून येतो. व्हेरिगेटेड पानांच्या तुकड्यांपासून वाढवलेल्या रोपांत काही पूर्ण हिरवी, काही चट्टेदार आणि काही फिकट पिवळी निघाली. छाटणीतही हेच लागू होते. नवी फूट पेराजवळच्या डोळ्यातून येते. त्या भागाच्या खोडावर पांढरट रेघ असेल तर पुढचे पान रंगीत येण्याची शक्यता जास्त, खोड निव्वळ हिरवे असेल तर कमी. हिरवी झालेली वेल उजेडात आणली म्हणून तिची जुनी पाने परत रंगत नाहीत. जिथे शेवटचे नीट रंगीत पान आहे त्या पानाच्या पेराच्या किंचित वर, तिथपर्यंत मागे कापावी लागते, आणि ती कापलेली वेल खिडकीशी ठेवावी लागते.