ट्रकचे तास कोण मोजतं? खानदेशातल्या मालवाहतुकीची पार्श्वभूमी

धुळ्यात मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडे जाणारा असे तीन मोठे महामार्ग एकत्र येतात. देशाच्या चारही दिशांचा माल इथून जातो आणि खानदेशातल्या कितीतरी घरांचा संसार ट्रकच्या स्टिअरिंगवर चालतो. त्या घरांत हल्ली एक तक्रार सारखी ऐकू येते. गाडी जरा थांबली की ऑफिसातून फोन येतो, "गाडी का उभी आहे?" ड्रायव्हर सांगतो, "भाऊ, जरासा डोया लागना व्हता." पलीकडचा माणूस ऐकून घेतो आणि पोहोचायची वेळ पुन्हा सांगून फोन ठेवतो.

हे सगळं जीपीएस आल्यापासून सुरू झालं असं म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. घाई या धंद्यात पूर्वीपासून आहे. फरक पडलाय तो मोजणीत, आणि मोजणी कशाची होते यातच ड्रायव्हरचं दुखणं आहे.

रावेर, यावल, सावदा भागातली केळी घ्या. आधी ही केळी रेल्वेच्या वॅगनमधून दिल्लीकडे जायची, पुढे ट्रकनंही जाऊ लागली. रस्त्यानं अंतर साधारण अकराशे किलोमीटर. कच्चा घड झाडावरून उतरला की पिकायला लागतोच, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर गेलेला असताना ताडपत्रीखाली तो फार वाट पाहत नाही. दिल्लीच्या आझादपूर मंडईत गाडी वेळेत लागली नाही की माल नरम पडतो, भाव उतरतो आणि त्याची झळ भाड्यापर्यंत येते. म्हणून केळीची गाडी रात्रीचा दिवस करून हाकायची ही रीत जुनीच. पण ती घाई व्यापाऱ्यालाही समजायची आणि ड्रायव्हरलाही. पाऊस, जाम, पंक्चर यांवर दोघांत वाद व्हायचा, कधी तोड निघायची.

त्या काळात रस्ताच गाडीला थांबवायचा. शहराच्या तोंडाशी जकात नाका, राज्याच्या हद्दीवर विक्रीकराची तपासणी, टोलला रोख पैशांची रांग. नाक्यावर पैशांची लूट चालायची, अपमान व्हायचा, तासन्‌तास जायचे. त्या व्यवस्थेची आठवण काढून हळहळावं असं तिच्यात काही नव्हतं. तरी रांगेत उभ्या गाडीत ड्रायव्हर आडवा व्हायचा, क्लीनर स्टोव्हवर भात लावायचा. ती झोप कुणी दिलेली नव्हती, पण मिळत होती.

मग एकेक अडथळा निघत गेला. जकातीच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरची कराची तपासणी उठली. हाडाखेड, नवापूरसारख्या ठिकाणी आरटीओचे नाके तेवढे राहिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला. वाचलेले हे तास कुणाच्या वाट्याला गेले? भाडं ठरवणाऱ्यानं ते आपल्या वेळापत्रकात धरले. पूर्वी चार दिवसांची समजली जाणारी खेप तीन दिवसांची झाली, पण ट्रिपचा पैसा त्या मानानं वाढला नाही.

ई-वे बिलानं, म्हणजे मालासोबत ठेवायच्या ऑनलाइन कागदानं, तर वेळेला कायद्याचाच शिक्का मिळाला. एप्रिल २०१८ मध्ये ते राज्याबाहेरच्या मालाला लागू झालं तेव्हा दर १०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत होती. जानेवारी २०२१ पासून तेवढ्याच मुदतीत २०० किलोमीटर झाले. ताज्या केळीला हे बिल लागत नाही, पण जळगावच्या पाइपला आणि चटईला लागतं. दिवसाला २०० किलोमीटर हा आकडा जाचक नाही हे मान्य करायला हवं. मात्र माल भरून, बिल करून गाडी कंपनीच्या फाटकात अडकली तरी मुदत संपत राहते, आणि मुदत संपलेली गाडी रस्त्यात अडवली तर तिच्याजवळ बसून राहायचं ड्रायव्हरला.

माणसाचे तास मोजणारा कायदा आपल्याकडे नव्हता असं नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्याला ती जास्तीत जास्त १० आणि ५४. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ मध्येही हेच बंधन आलं. पण १९६१ चा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यापुरता. आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालक गावोगाव आहेत. मालक स्वतः ड्रायव्हर, भाऊ किंवा भाचा जोडीला, डोक्यावर फायनान्सचा हप्ता. त्यांच्यापर्यंत हा कायदा पोहोचलाच नाही. २०२० च्या कामगार संहितेत तो विलीन झाला.

युरोपात १९७० पासूनच्या नियमांनी ट्रकमध्ये टॅकोग्राफ, म्हणजे गाडी चालवण्याचे तास नोंदणारं यंत्र, आणला. आज तिथे साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबावंच लागतं, आणि नोंद ड्रायव्हरच्या स्वतःच्या कार्डावर होते. अमेरिकेनं डिसेंबर २०१७ पासून या तासांची इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची केली. तिथे मजुरी बहुतेक मैलावर असते, म्हणून तास बांधले गेले तरी घाई सुटली नाही. छोट्या कंपन्यांच्या ड्रायव्हरांकडून वेगमर्यादा मोडण्याचं प्रमाण उलट वाढल्याचं तिथल्या अभ्यासकांना दिसलं.

आपल्याकडे यंत्र आलं ते मालकाच्या सोयीसाठी. स्क्रीनवर गाडी कुठे आहे, किती वेळ उभी आहे, ब्रेक किती जोरात मारला, इंजिन किती वेळ नुसतं चालू राहिलं, लिटरमागे किती किलोमीटर पडले, सगळं दिसतं. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे, हा चांगला निर्णय झाला. पण मुक्ताईनगरजवळ भर दुपारी गाडी बाजूला लावून झोपायचं तर एसीसाठी इंजिन चालू ठेवावं लागतं, आणि तेच इंजिन स्क्रीनवर ‘आयडलिंग’ म्हणून लाल होतं. डिझेलची तूट निघाली की ती ड्रायव्हरच्या हिशेबात लागते. कंपनीच्या फाटकाबाहेर माल उतरायची वाट बघत घालवलेल्या दिवसाचा मात्र त्याला छदाम मिळत नाही.

रस्ताही त्या स्क्रीनला नीट कळत नाही. धुळे-सोलापूर महामार्गावरच्या कन्नडच्या घाटात ऑगस्ट २०२३ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशानं जड वाहनं बंद झाली. लांबच्या वाटेनं जाणाऱ्या ड्रायव्हरला जादा तासांसाठी भांडावं लागलं. मध्य प्रदेशातून बिजासनचा घाट उतरून खानदेशात येताना गाडी गिअरमध्ये धरून, ब्रेक गार होऊ देत उतरायची असते, आणि त्याला वेळ लागतो. ४ जुलै २०२३ ला पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसं गेली. तो अपघात घाईमुळे झाला असं मी म्हणत नाही. पण त्या उतारावर सावकाश येणाऱ्या ड्रायव्हरच्या नावावर उशीर लागू नये, एवढं तरी वेळ ठरवणाऱ्यानं बघायला हवं.

जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी देशभर गाड्या उभ्या केल्या. बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव घेतल्यावर न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारं भारतीय न्याय संहितेतलं कलम १०६(२) हे त्याचं कारण. ते उपकलम अजून लागू झालेलं नाही. संपाच्या बातम्यांत शिक्षेची चर्चा भरपूर झाली, कामाच्या तासांची जवळजवळ नाहीच. खरं तर गाडी सलग किती तास चालली हे त्याच जीपीएसमध्ये आज नोंदलेलं असतं. आरटीओनं आणि कामगार खात्यानं ती नोंद मागावी, फाटकाबाहेरच्या खोळंब्याचा दर भाड्याच्या करारात लिहून घ्यावा. त्यासाठी नवं यंत्र आणायची गरज नाही.