व्हीलचेअर कर्लिंग

व्हीलचेअर कर्लिंग : पायांत बळ नसलेल्या वा चालणे फार अवघड झालेल्या खेळाडूंचा बर्फावरील सांघिक खेळ. चौघांच्या संघात स्त्री-पुरुष दोन्ही असावे लागतात. थांबलेल्या खुर्चीतून सुमारे 19 किग्रॅ. वजनाचा ग्रॅनाइटचा दगड काठीने ढकलून समोरच्या वर्तुळांच्या मध्याजवळ न्यायचा असतो. ढकलताना खुर्ची मागे सरकू नये म्हणून सहकारी ती मागून धरून ठेवतो. सामना आठ डावांचा.

मूळ कर्लिंग स्कॉटलंडचे की फ्लेमिश प्रदेशाचे (आजच्या उत्तर बेल्जियमचे), हा वाद जुना आहे. स्कॉटलंडमधील स्टर्लिंगच्या दगडावर 1511 हे साल कोरलेले आहे. मात्र साल मागाहूनही कोरता येते. फ्लेमिश चित्रकार ब्रूगेलच्या 1565 च्या चित्रात गोठलेल्या तळ्यावर तसाच खेळ दिसतो. स्कॉटलंडमधील पेस्ली मठाशी संबंधित 1541 ची या खेळाची लॅटिन नोंद त्याआधीची असल्याने स्कॉटलंडचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. खुर्चीवरचा प्रकार युरोपात साधारणतः 1990 च्या दशकाअखेर रुजला. पहिली जागतिक स्पर्धा 2002 मध्ये स्वित्झर्लंडमधील झुर्से येथे झाली.

उत्तम दगड एल्सा क्रेग या स्कॉटिश बेटाचा. तो पाणी जवळपास शोषत नाही, म्हणून गोठून तडकत नाही. कोकणचा सच्छिद्र जांभा येथे टिकणार नाही. बर्फही मिरकरवाडा बंदरात मासळीसाठी फोडतात त्या लादीसारखा गुळगुळीत नसतो. त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक खडी उठवलेली असते.

दगड कशामुळे वळतो, यावर मतैक्य नाही. पालथा पेला उजवीकडे फिरवत टेबलावर सरकवला, तर तो डावीकडे वळतो. हा दगड उजवीकडे. पुढच्या कडेखाली बर्फ किंचित वितळून घर्षण घटते, असे एक मत. दगडाच्या पुढच्या कडेने पडलेले ओरखडे मागच्या कडेला दिशा देतात, असे स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी 2013 मध्ये मांडले. ते अधिक पटण्याजोगे आहे.

या प्रकारात झाडू नाही. उभ्याने खेळणारे दगडापुढचा बर्फ घासून त्याची धाव लांबवतात. येथे काठी सुटली की संपले. स्ट्रायकर सुटल्यावर रत्नागिरीच्या कॅरमपटूच्या हातीही काही उरत नाही, तसेच.

पॅरालिंपिकमध्ये समावेश 2006 मध्ये, तुरिन येथे. तेथे आणि 2010, 2014 मध्ये सुवर्णपदक कॅनडाला मिळाले. तिन्ही संघांत सोन्या गॉडेट होत्या. 1997 मध्ये घोड्यावरून पडून त्यांना अपंगत्व आले; 2014 च्या सोची येथील उद्‌घाटनात कॅनडाचा ध्वज त्यांच्या हाती होता. 2018 व 2022 ची सुवर्णपदके चीनची.