पेरायचं लेकरांनी, रास पण लेकरांनीच करायची

नमस्कार, हे पत्रक शाळेतल्या सर-मॅडमसाठी आहे आणि आईवडिलांसाठी पण. आमचं शिवार लातूरजवळ औसा तालुक्यात, काळी जमीन, एक विहीर, बैलजोडी आणि आम्ही चार माणसं. पाचवी ते आठवीची लेकरं आमच्याकडे शेती शिकायला येतात.

फोनवर पहिला प्रश्न असतो, एका दिवसाची सहल किती पडते. तशी सहल आम्ही घेतच नाही. बैलगाडीत चक्कर, हुरडा, फोटो, संध्याकाळी घरी, याच्यात मजा येते पण लेकराला शेतीतलं काही कळत नाही, कारण पेरल्यावर तीन-चार महिने वाट बघावी लागते हेच त्याला दिसत नाही. म्हणून 30 लेकरांच्या बॅचला 2 गुंठे आणि जून ते जानेवारी शिवारात चार चकरा, तेच 2 गुंठे शेवटपर्यंत त्यांचे.

पहिलं काम शाळेतच. शाळा उघडली की आम्ही ओलं गोणपाट आणि घरचं सोयाबीन घेऊन वर्गात येतो, लेकरं 100 दाणे मोजून मांडतात, गुंडाळून ठेवतात आणि पाच-सहा दिवसांनी उघडून कोंब मोजतात. 70 चांगले उगवले तर बियाणं पेरायजोगं. नंतर पर्जन्यमापक. 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही हे मोठी माणसं पण घाईत विसरतात, तर हा हिशोब लेकरांकडंच देतो. एका गुंठ्यावर 1 मिमी पाऊस म्हणजे साधारण 100 लिटर पाणी, मग 2 गुंठ्यांवर 75 मिमी म्हणजे 15,000 लिटर, 5,000 च्या टँकरनं मोजलं तर तीन टँकर. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा यातली बरीच लेकरं अगदी लहान होती, पण हे गणित करताना घरून ऐकलेल्या घागरीच्या गोष्टी ती आपोआप सांगायला लागतात.

पेरणी तिफणीनं, म्हणजे बैलाच्या पेरणीच्या औतानं. चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या तोंडावर, मूठ धरायला प्रत्येकाला मिळतं, मुलींना पण, मुलांना पण. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. बियाण्याला फक्त रायझोबियम जिवाणू लावतो. औषध लावलेलं बी लेकरांच्या हातात देत नाही आणि फवारणीच्या आसपास चकराच ठेवत नाही.

आम्हाला स्वतःला सगळ्यात आवडते ती दीड महिन्याची चक्कर. खुरपणी करता करता सोयाबीनचं एक झाड मुळासकट हळूच उपटायचं, माती झाडायची, मुळावरच्या गाठी बघायच्या आणि एक गाठ नखानं फोडायची. आत गुलाबी निघाली तर जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतायत. पुस्तकात हे दोन ओळीत संपतं, इथं लेकरं अर्धा तास उठत नाहीत. काही लेकरं गावाकडची, शिकायला शहरात रूम करून राहिलेली, घरी शेत आहे तरी हे पहिल्यांदाच बघतात, तेव्हा वाईट पण वाटतं आणि आपण हे काम करतो याचं समाधान पण वाटतं.

सोयाबीनची रास, म्हणजे मळणी, काठीनं बडवून, मळणीयंत्राजवळ लेकरं नेत नाही. वजन करायचं, त्या दिवशीचा आडतीचा भाव लिहायचा, बी आणि मजुरी वजा करायची आणि काय उरलं ते वहीत. कधी कधी काहीच उरत नाही, तरी हिशोब खराच लिहायचा.

नवीन शिक्षण धोरणात (2020) सहावी ते आठवीला 10 दिवस बिनदप्तराचे सांगितलेत, या चकरा त्यात बसवता येतात. बंद बूट लागतात, पावसाळ्यात इंचूकाट्याची भीती असते. विहिरीला जाळी आहे, ढग गडगडायला लागले की काम बंद आणि लेकरं पक्क्या खोलीत. नावनोंदणी मे अखेरपर्यंत करा, मृगाच्या आधी आम्हाला तुकडे आखून ठेवायचे असतात.

चौथी चक्कर येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) आठवड्यात, तूर शेंगात आलेली असते. येळवशीच्या दिवशी मात्र जो तो आपल्या शिवारात सण करतो, त्यामुळं त्या दिवशी बॅच नाही. पण ज्या लेकराच्या घरी शेत नाही त्यानं आईवडिलांना घेऊन सरळ आमच्याकडे यायचं, डबा आणू नका, भज्जी, उंडे आणि आंबील आमच्याकडे असते.