परीक्षानळीतला टाऊ आणि मेंदूतला टाऊ

टाऊ हे मेंदूच्या पेशींतलं प्रथिन; अल्झायमरमध्ये त्याचे तंतू साचतात. अशा तंतूचं कुठलंही चित्र उचलायचं आणि खाली 'अल्झायमरमधला टाऊ' असं लिहून मोकळं व्हायचं, हे आता पुरे. त्यातली कितीतरी चित्रं परीक्षानळीत हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घालून वाढवलेल्या तंतूंची असतात.

नळीतली कृती तुम्हाला पाठ असेल: जिवाणूंकडून करवून घेतलेलं शुद्ध टाऊ, त्यात हेपरिन, ३७ अंश, थायोफ्लेविन-टी (तंतूंना चिकटल्यावर चमकणारा रंग) चमकलं की झाले तंतू. मेंदूतले तंतू रुग्णाच्या मृत्यूनंतर मिळालेल्या ऊतीतून सार्कोसिल हे साबणासारखं रसायन वापरून वेगळे काढतात. त्यांच्यावर फॉस्फेट भरपूर चढलेलं असतं, जिवाणूंकडच्या टाऊवर नसतं. एवढं सगळ्यांना माहीत असतं.

घोटाळा होतो तो घडीपाशी, म्हणजे प्रथिनाची साखळी कशी दुमडली आहे त्यापाशी. दोन्हीकडे टाऊचे रेणू साधारण ४.७ अँगस्ट्रॉम अंतरावर एकावर एक रचलेले असतात. थायोफ्लेविन चमकतं ते या रचनेमुळे, आणि क्ष-किरणांतही हेच अंतर दिसतं. मग 'दोन्ही सारखेच' म्हणायला लोक मोकळे. पण एकेका थरात साखळी कुठून कशी वळली आहे, याचा पत्ता यातल्या एकाही चाचणीला लागत नाही. त्याला क्रायो-ईएमसारखं तंत्र हवं, म्हणजे नमुना गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं.

२०१७ मध्ये केंब्रिजच्या एमआरसी प्रयोगशाळेत श्योर्स शेरेस आणि मिशेल गोडर्ट यांच्या गटांनी अल्झायमरच्या मेंदूतले तंतू असे पाहिले. टाऊच्या ४४१ अमिनो आम्लांपैकी ३०६ ते ३७८ एवढाच भाग घट्ट गाभ्यात, इंग्रजी 'सी'सारखा वळलेला, आणि असे दोन 'सी' एकमेकांना चिकटलेले. २०१८ मध्ये पिकच्या आजारातली (हाही टाऊचे तंतू साचून होणारा स्मृतिभ्रंश) घडी आली, ती साफ वेगळी निघाली. आजार बदलला की घडी बदलते. २०१९ मध्ये याच मंडळींनी हेपरिनवाले तंतू पाहिले. टाऊच्या एकाच प्रकारापासून निदान चार तऱ्हांचे तंतू झाले होते, आणि अल्झायमरशी किंवा पिकशी एकही जुळेना.

तरीही हेपरिनच्या तंतूतल्या खाचेत संगणकावर औषधाचे रेणू बसवून 'अल्झायमरवर आशा' असे मथळे दिले जातात. ती खाच रुग्णाच्या तंतूत आहे का, हे आधी बघा की!

नळीचा मला राग नाही. २०२२ मध्ये टाऊचा २९७ ते ३९१ हा तुकडा हेपरिनशिवाय, मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये हलवत ठेवला, तर हुबेहूब अल्झायमरची घडी मिळाली. सोडियम क्लोराइड घातलं तर डोक्याला वारंवार मार बसून होणाऱ्या आजाराची! नुसतं मीठ बदललं होतं. नळीत काम करायचं तर मी हीच कृती घेईन.

'आम्ही मेंदूतलंच बीज टाकलंय', म्हणजे रुग्णाचे थोडे तंतू टाकून त्यांच्यापासून नवे वाढवलेत, हा युक्तिवादही ऐकू येतो. अल्फा-सिन्यूक्लिन या असेच तंतू करणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाच्या बाबतीत २०२१ मध्ये मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रफी या मेंदूच्या आजाराच्या रुग्णांतलं बीज टाकून पाहिलं होतं. तंतू भरघोस वाढले, पण रुग्णांतली घडी काही उतरली नाही.